लाटण्यावरचा गार्बारेक

प्रिय सुध्या,

गणपतीपासून पत्र नाही. तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. शुगर आटोक्यात, आई बरी. आता ऐक, हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

मुक्ताला सॅक्सोफोन शिकायचाय. आणि गुरू नको म्हणते! का, तर तो नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला यान गार्बारेक आपला आपण शिकला. 1961 साली ओस्लोतल्या चौदा वर्षांच्या पोरानं रेडिओवर अमेरिकेचा जॅझ सॅक्सवाला कोल्ट्रेन ऐकला, वाद्य हाती यायच्या आधीच पुस्तकावरून बोटं बसवली, हे तिला तोंडपाठ. सध्या आमचं लाटणं तिचा टेनर सॅक्स झालंय, पोळ्या खोळंबतात. हे सांगितलं कुणी? तूच, दिवाळीत, चकल्या हाणत.

आणि अर्धंच सांगितलंस लेका. 1965 ला नॉर्वेतल्या मोल्देच्या जॅझ महोत्सवात जॉर्ज रसेलनं त्याला हेरला, जवळ घेतला, ते कुठे गेलं? रसेल म्हणजे स्वरांचं आख्खं शास्त्र मांडलेला माणूस. त्याच्या हाताखाली वाजवलं, मग 1970 ची ईसीएम कंपनीची तबकडी, मग पियानोवाल्या कीथ जॅरेटची चौकडी. ही तालीम नव्हे तर काय?

नीलमला पोटापाण्याची धास्ती. मी म्हटलं, अगं, त्याची 'ऑफिशियम' तबकडी दहा लाखांवर खपली! (गप्प बस. तो जॅझ नव्हे, हे 1994 पासून ऐकतोय तुझ्याकडून. ऑस्ट्रियातल्या मठात चौघे जुन्या प्रार्थना गातात आणि हा पाचवा गळा होऊन त्यांच्यातून फिरतो. तुला उदबत्तीचा वास येतो, मला येत नाही.) नीलमनं विचारलं, तेव्हा वय काय त्याचं? सत्तेचाळीस. "मग तोवर पोसणार कोण?"

पण सुध्या, नुसता हट्ट असता तर रागावून मोकळा झालो असतो. परवा गार्बारेकची 'मेकिंग म्युझिक' लावली होती, तबल्यावर झाकिर, बासरीवर हरिजी, गिटारवर मॅक्लॉफ्लिनवाली. पोरगी म्हणते, "बाबा, इथे सॅक्स मुद्दाम थांबलाय, बासरीचा श्वास संपेपर्यंत." आपण दोघांनी ती किती पारायणं केली, कधी लक्षात आलं? कान आहे रे तिला, आणि माझी झोप उडालीय ती त्यानं. हट्ट दोन महिन्यांत उतरतो, कान कुठला उतरायला?

कोपऱ्यावरच्या बँडवाल्या काकांकडे धाडू का? वरातीत वाजवतात, पण फुंक पक्की आहे. नीलमला अजून बोललो नाही.

वहिनींची बदली टळली का? गच्चीची गळती? कळव. रविवारी फोन कर, मुक्ताशी बोल, आणि या खेपेला रसेलपासून सुरुवात कर.

तुझा,
अव्या