आयर्विन पुलावरची पट्टी आणि माझा चार्ट

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दामच उघडं लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "टोनर बदला ताई, फिकट येतंय" म्हणून विषय बदलता. शिवाय विश्रामबागेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दर शुक्रवारी तुम्ही ते बाजारभावाच्या चार्टचे, हिरव्या-लाल कांड्यांचे कागद काढायचात, तेव्हा "हे आजोबा काय बघतात एवढं?" असं विचारणारे पुष्कळ होते. त्यांनाही उत्तर मिळेल.

माझा भाऊ हिंजवडीत नोकरीला. त्याच्या कंपनीची इमारत एका ऑफिस रीटच्या (अनेकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती घेणारा ट्रस्ट; त्यातला हिस्सा म्हणजे युनिट, ते शेअरसारखं बाजारात मिळतं) मालकीची आहे, हे त्याच्याकडून कळलं आणि मला गंमत वाटली. तो ज्या मजल्यावर बसतो त्याच्या भाड्यातला वाटा सांगलीत बसून मला मिळू शकतो! 2021 मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एकेक युनिट घेण्याची सोय केली होतीच. थोडे पैसे टाकले. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, नाहीतर लोक टीप समजतील.

मग मी चार्ट बघायला लागले. अर्धवट शिकलेला माणूस जास्त बघतो, तसं. भाव तीनदा 395 च्या आसपास येऊन उलटला होता, म्हणून मी तिथे "सपोर्ट"ची, म्हणजे भाव जिथून परत वर वळतो त्या पातळीची, आडवी रेघ मारून ठेवली होती. (आकडे इथे सोपे करून सांगतेय.) एका सकाळी, आदल्या दिवशी 398 वर बंद झालेलं युनिट एकदम 392 वर उघडलं. मध्ये मोकळी फट. मी पैसे भरून ज्या टिप्सच्या ग्रुपमध्ये होते, तिथे लगेच मेसेज, "सपोर्ट तुटला, बाहेर पडा." माझं बोट विक्रीच्या बटणावर होतं आणि तुम्ही आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलात.

तुम्ही स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलंत, "आज रेकॉर्ड डेट आहे का?"

होती. वाटप, म्हणजे भाड्यातला वाटा, कुणाला द्यायचा हे त्या दिवशी ठरतं; त्या दिवशी नवीन घेणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून युनिटमागे 6 रुपयांचं वाटप त्याच दिवशी भावातून वजा झालं होतं. 398 मधून 6 गेले, 392 राहिले. कुणी घाबरून विकलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं.

पुढे तुम्ही जे सांगितलंत ते पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूसच सांगू शकतो. "आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. उद्या कुणी ती पट्टीच फूटभर वर सरकवून लावली, तर पाणी फूटभर उतरलेलं दिसेल. नदी उतरली का?" महापुरात रात्र-रात्र "पाणी किती फुटावर?" विचारणाऱ्या सांगलीकराला यापेक्षा वेगळं काय समजावायचं!

रीटला वाटपायोग्य रोख रकमेतला किमान 90 टक्के भाग युनिटधारकांना वाटावाच लागतो. बरेच ट्रस्ट तो दर तिमाहीला वाटतात, म्हणजे वर्षातून चारदा पट्टी सरकते. साध्या शेअरमध्ये लाभांश बहुधा छोटा असतो, चार्टवर फारसा जाणवत नाही. इथे तो दुर्लक्षून चालत नाही. तुम्ही माझ्या प्रिंटवर पेन्सिलीने जुने तळ, म्हणजे ते तीन वेळचे 395, नंतरची वाटपं वजा करून दुरुस्त केलेत. सगळ्यात जुन्या तळानंतर तीन वाटपं झाली होती, म्हणून 395 उणे 18, म्हणजे 377. त्यानंतरचा 383. शेवटचा 389. माझी आडवी रेघ खरं तर चढती होती! 392 तिच्या वरच होते. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत बसले होते, आठवतंय? एक गिऱ्हाईक वैतागून निघूनही गेलं.

भावाच्या 200 दिवसांच्या सरासरीचंही तसंच. वाटप वजा न करता काढली तर जुने फुगीर भाव तिच्यात राहतात, सरासरी काही रुपये वर दिसते आणि भाव उगाचच तिच्याखाली गेल्यासारखा वाटतो. मी आता सेटिंगमध्ये वाटप वजा केलेला चार्ट आधी लावते, रेघा मग मारते.

तुम्ही बरोबरच होतात असं नाही हं दरवेळी. एकदा तुमच्या चढत्या रेषेखाली भाव खरोखर गेला, रेकॉर्ड डेट नसताना, नेहमीच्या कितीतरी पट व्हॉल्यूमसह (खरेदी-विक्रीसह). तुम्ही "परत येईल" म्हणालात, आला नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही भडंगाचा पुडा घेऊन आलात आणि "माझं चुकलं, मी नदीकडे न बघता पट्टीकडेच बघत बसलो" म्हणालात. त्या दिवसापासून चार्टच्या खाली सरकारी रोख्यांच्या व्याजाचा आलेख आला. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला, तेव्हा ठेवीवर चांगलं व्याज मिळत असताना भाड्याच्या उत्पन्नाला कोण जास्त भाव देणार, हे तुम्ही मला त्या दोन आलेखांवर बोट फिरवून दाखवलंत. रिकामे मजले किती, भाडेकरार सरासरी किती वर्षांचे उरलेत, कर्ज किती, हे कांड्यांमध्ये नसतं, तिमाही निकालात असतं, हेही तेव्हाच.

टिप्सच्या ग्रुपचे पैसे मी पुन्हा भरले नाहीत. तुम्ही मात्र माझ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नाहीत, आणि प्रिंटचे पैसे मोजून द्यायचात.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात, पण तुमची निळी फाईल काउंटरखालीच आहे. मागच्या शुक्रवारचा चार्ट काढून तिच्यात लावलाय. रेकॉर्ड डेटवर पेन्सिलीने बाण केलाय, तुम्ही करायचात तसा. टोनर नवीन आहे, फिकट आलेलं नाही. प्रिंटचे पैसे लावलेले नाहीत.

तुमची,
झेरॉक्सवाली