घर नव्याने बांधण्याआधी : डेल्फ्टहून सोलापूरला पत्र

डेल्फ्ट, नेदरलँड्स
दि. १४ मार्च

तीर्थरूप आण्णा व आई यांस,

साष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला नव्या घराचा नकाशा पोहोचला. अक्षय तृतीयेला जुने घर उतरवायला सुरुवात करायची, असे ठरत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्या नकाशाबद्दल मला बरेच सांगायचे आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी आण्णांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, म्हणजे तुमची काळजी मिटेल. माझ्या संशोधनाचा पैसा कर्जाऊ नाही आणि तो परत करावा लागणार नाही. मारी क्युरी यांच्या नावाने युरोपीय संघ पीएचडी करणाऱ्यांसाठी एक योजना चालवतो. तिच्यात अनेक देशांतली विद्यापीठे मिळून एक विषय हाती घेतात आणि त्यासाठी संशोधक नेमतात. उमेदवार कोणत्याही देशाचा चालतो. मात्र ज्या देशात जायचे, तिथे आधीच्या तीन वर्षांत तो बारा महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा, अशी अट असते. इथे पीएचडी करणारी व्यक्ती बहुधा विद्यापीठाची नोकरदार असते. मला दरमहा पगार मिळतो, त्यातून कर आणि पेन्शनचा हिस्सा कापला जातो, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे मे महिन्यात सुट्टीचा भत्ताही मिळतो. पहिल्या वर्षाअखेर कामाची परीक्षा झाली आणि पुढे जाण्यास मान्यता मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता विषयाकडे वळते. बदलत्या हवामानात शहरे राहण्याजोगी कशी ठेवायची, हा आमच्या सगळ्या प्रकल्पाचा प्रश्न आहे, आणि माझ्या वाट्याला उष्ण व कोरड्या प्रदेशातली कमी उत्पन्नाची घरे आली आहेत. नवे शहर वसवून हा प्रश्न सुटत नाही, कारण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लोक ज्या शहरांत राहणार आहेत, त्यांचा मोठा भाग आजच उभा आहे. त्यामुळे जुने घर पाडून नवे बांधायची वेळ येते, तेव्हा कुटुंबाने घेतलेला निर्णय फार मोलाचा असतो. तो एकदा घेतला की पन्नास वर्षे बदलत नाही. आपल्या घरावर आज तीच वेळ आली आहे.

माळवद, म्हणजे तुळयांवरचे मातीचे छत, वाचवा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या विषयातले काही लोक जुन्या घरांबद्दल फार हळवे होऊन बोलतात, ते मला पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गणेश विसर्जन करून झोपलेली माणसे ज्या घरांखाली गाडली गेली, ती अशीच होती : मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छत. त्या रात्रीनंतर आई कित्येक महिने अंगणात झोपत होती, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शिवाय दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती घालायला आता माणसे मिळत नाहीत आणि मागच्या खोलीच्या तुळयांना वाळवी लागली आहे. तेव्हा जुने घर उतरवायलाच हवे, यात दादा आणि मी एकमताचे आहोत.

माझी हरकत नव्या नकाशाला आहे. त्यात चौक नाही, कडुनिंब नाही, आड बुजवलेला आहे, प्लॉटच्या चारही कडांपर्यंत स्लॅब आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला मोठी काचेची खिडकी आहे. हे घर मे महिन्यात कसे वागेल, ते मी हिशेब करून सांगू शकते. फूट-दीड फूट मातीच्या छतातून दुपारची उष्णता खाली उतरायला आठ-दहा तास लागतात. तोपर्यंत रात्र झालेली असते, बाहेरची हवा उतरलेली असते आणि छतातले सवणे, म्हणजे झरोके, उघडे असले की आतली गरम हवा वर निघून जाते. चार-पाच इंचांच्या उघड्या स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत आत येते. म्हणजे दिवेलागणीच्या वेळी, घरातली माणसे जेवायला एकत्र बसतात तेव्हा छत सर्वांत तापलेले असते, आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत धग सोडत राहते. पत्र्याला तर तेवढाही अवधी लागत नाही.

अशा छताखाली काय होते, हे आपण समोरच्या बोळातल्या काकूंकडे पाहिले आहे. त्या सुपात पाने घेऊन विड्या वळायला बसतात, पण पंखा लावता येत नाही, कारण वाऱ्याने तंबाखू उडते आणि ओलसर ठेवलेले पान वाळून तडकते. मांडीवर सूप, कपाळावर ओला रुमाल आणि वर तापलेला पत्रा, असा त्यांचा एप्रिलचा दिवस जातो. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. काकूंच्या खोलीतल्या तापमानाची नोंद कुठेच होत नाही. माझ्या प्रबंधाचा गाभा हाच आहे, आणि मे महिन्यात मी येईन तेव्हा अशा घरांत तापमानाची व आर्द्रतेची नोंद ठेवणारी छोटी यंत्रे बसवणार आहे.

इथल्या लोकांनाही उन्हाळा आता नवा शिकावा लागतो आहे, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. २५ जुलै २०१९ रोजी या देशात ४०.७ अंश तापमान नोंदले गेले. ऊब आत राखण्यासाठी बांधलेली ही घरे उन्हाळ्यात रात्रीही तापलेली राहतात. म्हणून आता खिडकीबाहेर सावली कशी करायची, याचा अभ्यास चालू आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र ही मंडळी फार पुढे आहेत. जवळच्या रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लाइन नावाचा चौक तयार झाला. त्याचे तीन भाग जमिनीखाली खोलगट केलेले आहेत आणि सर्वांत खोल भागात मुले एरवी चेंडू खेळतात. जोराचा पाऊस झाला की आजूबाजूच्या छतांचे व रस्त्यांचे पाणी तिथे येते, सुमारे सतरा लाख लिटर मावते आणि मग हळूहळू सोडले जाते. मी तिथे पायऱ्यांवर बसून, पन्हाळींतून पाणी उतरताना पाहिले आहे. गटारावर एकदम ताण येऊ नये म्हणून शहराने पाण्याला थांबायला जागा दिली, एवढीच ती कल्पना आहे. २०२० पासून इथे अंगणातल्या फरश्या उपटण्याची स्पर्धाही होते. ती दोन शहरांमध्ये सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. जो गाव जास्त फरश्या काढून तिथे झाडे लावेल, तो जिंकतो. असे असताना आपण चौकातली मोकळी जमीन शहाबादी फरशीखाली घालणार, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथे साडेआठशेच्या आसपास. म्हणजे फरक फार मोठा नाही. इथला पाऊस वर्षभर विभागलेला असतो, आपला चार महिन्यांत येतो आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात कोसळतो. म्हणून आपल्याला साठवणीवाचून गत्यंतर नाही, हे सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खोदवले तेव्हाच ओळखले होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. त्या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला पासष्ट हजार लिटर पडते, आणि वाया जाणारे वजा केले तरी पन्नास हजार लिटर हाती लागते. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, टँकरसाठी आई फोनवर फोन करते, आणि आपण आड बुजवायला निघालो आहोत! तो कोरडा पडला तो वापर थांबल्यावर आणि आजूबाजूला बोअर झाल्यावर. त्यात गाळून घेतलेले छताचे पाणी सोडले, तर एका पावसाळ्यात तो भरेल असे वचन मी देत नाही, पण गाळ काढून त्याला संधी दिलीच पाहिजे.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. घर आरसीसीचेच बांधा, आणि बीम व कॉलम भूकंपाचा विचार करून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. तिथे काटकसर नको. मात्र मधला चौक सोडा, अगदी दहा बाय बारा फुटांचा असला तरी चालेल, आणि कडुनिंब त्यात येईल अशी रचना करा. दादाचे म्हणणे आहे की त्यामुळे एक खोली जाते. ती जाईल हे खरे आहे, पण उरलेल्या सगळ्या खोल्यांना रात्री वारा मिळेल, आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने रात्रीचा वारा खरोखर गार असतो. जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली पश्चिमेला घ्या, म्हणजे संध्याकाळचे ऊन त्यांच्या भिंती झेलतील आणि झोपायच्या खोल्या वाचतील. ती काचेची खिडकी पूर्वेला किंवा उत्तरेला हलवा आणि तिच्यावर खोल छज्जा द्या. स्लॅबवर कॉन्ट्रॅक्टर विटांचा कोबा करणारच आहे. त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करून घ्या. खर्च झेपत नसेल तर दर मार्चला चुना मारा. पांढरे छत बरेचसे ऊन परत फेकते, फक्त धुळीने मळले की गुण कमी होतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा जो आराखडा केला, त्याच्या पुढच्या कामांत तिथे गरीब वस्त्यांतली छते अशीच पांढरी केली गेली.

आण्णा, कॉन्ट्रॅक्टर म्हणेल की एसी लावला की प्रश्न मिटला. एसी जेवढी उष्णता आतून काढतो तेवढी, आणि वर स्वतःच्या विजेची, बोळात सोडतो, आणि आपला बोळ जेमतेम आठ फुटांचा आहे. ती धग थेट काकूंच्या दारात जाईल. घर आधी सावलीने आणि वाऱ्याने गार ठेवावे, आणि तरीही गरज पडली तर एका खोलीत एसी बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी दादाच्या नकाशावरच पेन्सिलीने बदल करून दिले आहेत आणि त्याचा फोटो त्याला आजच पाठवते. क्षेत्रफळ एकशेवीस चौरस फुटांनी घटते, बाकी खोल्या तेवढ्याच राहतात. कॉन्ट्रॅक्टरला विसार देण्याआधी त्या दोघांनी एकदा माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलावे. रविवारी तुमच्याकडे दुपारी दोन वाजता मी मोकळी असते. आणि काहीही ठरले तरी निंबाला कुऱ्हाड लावण्याआधी मला एक फोन करा.

माझी प्रकृती ठीक आहे. आईने पाठवलेली शेंगाचटणी पुरवून पुरवून खाते आहे. आण्णांनी गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे. कळावे.

तुमची,
धाकटी