वैशू, आधी सुताराला थांबव

परळ, मुंबई
रविवार दुपार

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागून पोरांचा इतका कल्ला येत होता की अर्धं तर कळलंच नाही, पण "सुताराला उद्या बोलावलंय, चांगली उंच पार्टिशनं करून घेते" एवढं कळलं आणि म्हटलं हिला आता पत्रच लिहावं, कारण हा शहाणपणा मी करून बसलेय.

आमचा बालवाडीचा वर्ग तू पाहिलायस ना, चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेला, नुसता रेल्वेचा डबा. पोरांना एवढी सरळ लांब जागा दिसली की ती धावणारच, त्यात त्यांचा काय दोष, पण मी दोन महिने "धावू नका रे" ओरडून घसा बसवून घेतला. मग ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडून तीन फळ्यांचं घडीचं पार्टिशन उचललं, पाच फुटी, कोरीवकाम वगैरे, टेम्पोचं भाडं ऐकून नवऱ्याने डोक्याला हात लावला. मागे पुस्तकांचा कोपरा केला. झकास दिसत होतं!

तिसऱ्या दिवशी सुटायच्या वेळी पोरं मोजली तर एक कमी. अगं माझ्या पायातलं त्राणच गेलं. मावशी जिन्यावर धावल्या, मी मोरीत बघतेय, गॅलरीत बघतेय, शेजारच्या आजी पण बाहेर आल्या, आणि साहेब पार्टिशनमागे गोधडीवर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. दोन-तीन मिनिटंच गेली असतील, पण त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून पार्टिशन मधोमध कापून घेतलं. कोरीवकाम गेलं, पण एकाची दोन झाली, अडीच-अडीच फुटांची.

आणि गंमत म्हणजे हेच माप बरोब्बर बसलं. चार वर्षांचं पोर असतं साधारण शंभर सेंटीमीटर, म्हणजे सव्वातीन फूट, ते खाली बसलं की त्याला पलीकडचं काही दिसत नाही आणि आपल्या कामात रमतं, उभं राहिलं की सगळा वर्ग दिसतो त्यामुळे घाबरत नाही, आणि मला उभ्या उभ्या सगळी डोकी मोजता येतात. पंख्याचा वाराही अडत नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात ते काय असतं तुला सांगायला नको.

मात्र घडीचं पार्टिशन सरळ रेषेत उभं करू नकोस, टेकलं कोणी की आडवंच होतं. नागमोडी ठेव आणि एक टोक एल-क्लॅम्पने भिंतीला पक्कं कर. बिजागरीच्या फटीत बोटं चेमटतात, तिथे मी रेक्झिनची पट्टी मारून घेतलीय. खरं तर नवीनच करणार असशील तर नुसतं पार्टिशन करूच नको, बुटकी कपाटं कर, जड सामान खालच्या खणात, पाठीला फळा. प्लायवूडच घे हं, पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात खालून पावासारखा फुगतो, आणि पायांना रबरी बूच लाव म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही. साडीचा पडदा पण करून झालाय, सासूबाईंची चांगली नऊवारी होती, दुपारपर्यंत दोरीसकट खाली.

मांडणीचं म्हणशील तर ठोकळे येण्याजाण्याच्या वाटेवर नकोत. आमच्याकडची निम्मी भांडणं "माझी बिल्डिंग पाडली" याचीच होती, ठोकळे आडोशाला गेले आणि ती बरीच थांबली. ठोकळ्यांचा धडधडाट पुस्तकांपासून लांब, रंग मोरीजवळ. दारापर्यंतची वाट मात्र मोकळी ठेव, दोन पोरं हात धरून जातील एवढी, कधी घाईने सगळ्यांना बाहेर काढायची वेळ आली तर मधे काही नको.

एक पालक म्हणाले, एवढीशी जागा त्यात अडथळे कशाला. त्यांना काय सांगणार! ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी सुरू केली, मग मुलं येईनात तर ती मुलांच्याच अंगणात नेली, तिथे कसलं आलंय पार्टिशन. पण त्यांना अंगण होतं गं, आपल्याला गॅलरीतल्या चपला.

तर सुताराला दोन दिवस थांबव आणि आधी हॉलचा नकाशा काढून पाठव, दार कुठे, मोरी कुठे, खिडक्या कुठे, हाताने काढलास तरी चालेल. आणि त्या पोराचं विचारशील तर तो अजून तिथेच जाऊन झोपतो, फक्त आता मला त्याचे पाय दिसतात.

तुझीच,
मंजू