मित्रास पत्र : एलसॅटच्या तर्कप्रश्नांचा सराव

शिकागो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. औषध कंपनीतली नोकरी सांभाळून लॉ स्कूलच्या प्रवेशाची तयारी करायची आणि पुढे पेटंटच्या कामात शिरायचे, हा तुझा निर्णय मला मनापासून पटला. तू विचारले आहेस की, एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेतले लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचे, प्रश्न रोज रात्री इतके सोडवूनही गुण जागचे का हलत नाहीत. याचे उत्तर सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि तुझे बरेचसे गुण याच प्रश्नांवर ठरणार आहेत.

ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटचे स्वरूप बदलले आहे, हे तुला ठाऊक असेलच. आकृत्या काढून सोडवायचे लॉजिक गेम्स परीक्षेतून गेले; दृष्टिहीनांना त्या आकृत्या काढणे शक्य नसल्याने जो दावा झाला, त्यात २०१९ मध्ये तडजोड झाली आणि तिच्यातून हा बदल आला. आता गुण मोजले जातात ते तीन विभागांचे, आणि त्यांतले दोन लॉजिकल रीझनिंगचे असतात. चौथा विभाग गुणांत धरत नाहीत, पण तो कोणता हे आपल्याला कळत नसल्याने चारही सारख्याच मनाने सोडवावे लागतात. एका विभागाला ३५ मिनिटे आणि लॉजिकल रीझनिंगच्या विभागात साधारण २५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. तेव्हा शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या पुस्तकांतला गेम्सचा भाग खुशाल बाजूला ठेव.

या दीड मिनिटाच्या धाकानेच तुझा सराव बिघडला आहे, असे मला तुझ्या पत्रावरून वाटते. तू घड्याळ लावून प्रश्न सोडवतोस, उत्तरतालिका पाहतोस, चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण वाचून मान डोलावतोस आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतोस. दुसऱ्याचे स्पष्टीकरण वाचताना सगळे पटते, पण ते पटल्याने नवा उतारा समोर आल्यावर आपल्याला तसा विचार करता येत नाही. माझे सांगणे इतकेच आहे की, थोडेच युक्तिवाद घे, पण त्यातला प्रत्येक पुरता उलगडून पाहा. या परीक्षेत प्रश्नांचे प्रकार अनेक असले तरी विचारलेली गोष्ट बहुधा एकच असते : दिलेला पुरावा आणि काढलेला निष्कर्ष यांच्यात नेमके काय राहून गेले आहे.

उदाहरण देतो. आमच्या शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला, त्यावरून मला हा प्रश्न सुचला. पुढचा तपशील मात्र मी सरावासाठी रचलेला आहे. ‘एका ग्रंथालयाने उशिराचा दंड रद्द केला. त्यानंतरच्या वर्षात परत आलेल्या पुस्तकांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा बरीच वाढली. यावरून दिसते की, दंड रद्द झाल्यामुळे वाचक पुस्तके वेळेवर परत करू लागले.’ आता पर्यायांकडे न पाहता निष्कर्षातला एकेक शब्द पुराव्यात सापडतो का ते पाहा. ‘वेळेवर’ हा शब्द पुराव्यात कुठेही नाही. पुस्तके परत आली एवढेच तिथे म्हटले आहे, आणि ती कदाचित कित्येक वर्षे कपाटात पडून राहिलेली, दंडाच्या भीतीने कुणी परत न नेलेली पुस्तके असतील. शिवाय पुरावा संख्येचा आहे, प्रमाणाचा नाही. त्या वर्षी मुळात नेलेली पुस्तकेच जास्त असतील, तर परत आलेलीही जास्त असणारच. आणि ‘मुळे’ हा कार्यकारणाचा दावा तर केवळ एकानंतर दुसरे घडले एवढ्यावर उभा आहे. तीन ओळींच्या उताऱ्यात या तीन फटी आहेत, आणि त्या तुला स्वतःच्या शब्दांत, हव्या तर सरळ मराठीत, वहीत लिहिता आल्या पाहिजेत.

मग त्याच युक्तिवादावर सगळ्या प्रकारचे प्रश्न स्वतःला विचार. युक्तिवाद दुबळा करणारे विधान कोणते? ‘त्याच वर्षी ग्रंथालयाने पुस्तक ठेवण्याची मुदत दुप्पट केली’ हे चालेल, कारण वेळेवर परत येण्याचे श्रेय मग मुदतवाढीला देता येते. बळकट करणारे? परत आलेली बहुतेक पुस्तके मुदतीच्या आत आली होती, आणि दंड कायम ठेवणाऱ्या शेजारच्या ग्रंथालयात अशी वाढ दिसली नाही, असे कळले तर निष्कर्षाला चांगलाच आधार मिळतो. दोष कोणता, असे विचारले तर वर लिहिलेल्या फटी परीक्षकाच्या रुक्ष, अमूर्त भाषेत ओळखायच्या.

बरेच परीक्षार्थी अडखळतात ते आवश्यक गृहीतकाच्या, म्हणजे जे मानल्यावाचून युक्तिवाद उभाच राहत नाही त्याच्या, प्रश्नात, म्हणून तिथे जरा थांबतो. समज, पर्याय असे आहेत. एक, ‘शहरातील प्रत्येक वाचकाला दंड रद्द झाल्याचे कळले होते.’ दोन, ‘दंड असताना कोणीही पुस्तक वेळेवर परत करत नसे.’ तीन, ‘परत आलेल्या पुस्तकांमधली वाढ केवळ मुदत उलटून गेलेल्या पुस्तकांमुळे झालेली नाही.’ प्रत्येक पर्याय नाकारून पाहायचा आणि नाकारल्यावर युक्तिवाद कोसळतो का ते तपासायचे. मात्र नकार नीट करायला हवा. ‘प्रत्येकाला कळले होते’ याचा नकार ‘कोणालाच कळले नव्हते’ असा नसून ‘निदान एकाला तरी कळले नव्हते’ एवढाच आहे, आणि एका वाचकाला कळले नाही म्हणून युक्तिवादाचे काही बिघडत नाही. दुसऱ्याचेही तसेच; पूर्वी काही वाचक पुस्तके वेळेवर आणत असले तरी नंतर त्यांची संख्या वाढू शकते. तिसरा पर्याय नाकारला की सारी वाढ जुन्या, मुदत संपलेल्या पुस्तकांची ठरते आणि निष्कर्षाखालचा आधारच निघून जातो. म्हणून उत्तर तिसरा. आवश्यक गृहीतकाच्या प्रश्नात ‘प्रत्येक’, ‘कोणीही नाही’ असे टोकाचे शब्द दिसले की सावध व्हावे; पण निष्कर्ष पूर्णपणे सिद्ध करणारे गृहीतक विचारले असेल तर तेच टोकाचे विधान बहुधा बरोबर असते. प्रश्नाची ओळ आधी नीट वाचायची ती यासाठीच.

तुझ्याबाबतीत दोन धोके मला विशेष दिसतात. पहिला तुझ्या ज्ञानाचा. औषधाच्या चाचणीवर उतारा आला की तुझ्यातला रसायनज्ञ जागा होतो आणि दिलेल्या पुराव्याशीच भांडू लागतो. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, इथे ती सोय नाही. पुरावा जसा दिला तसा खरा मानायचा आणि त्यावरून निष्कर्ष निघतो का एवढेच पाहायचे. दुसरा धोका अटींच्या वाक्यांचा. तुझ्याच वाटेवरचे उदाहरण घे : ठरावीक तांत्रिक किंवा वैज्ञानिक पात्रता असल्याशिवाय पेटंट कार्यालयाच्या नोंदणी परीक्षेला बसता येत नाही. यावरून ‘जो त्या परीक्षेला बसला त्याची पात्रता आहे’ हे निघते. ‘ज्याची पात्रता आहे तो बसू शकतोच’ हे निघत नाही, कारण इतरही अटी असू शकतात. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही अर्थ एकत्र घेतो आणि व्यवहारात ते खपूनही जाते. परीक्षक मात्र चुकीचे पर्याय नेमके याच सवयीवर रचतात.

आता सरावाची रीत. एक विभाग वेळ लावून सोडव आणि सोडवताना जिथे जराही शंका आली तिथे खूण कर. वेळ संपल्यावर उत्तरतालिका उघडू नकोस. खुणा केलेले प्रश्न सावकाश, घड्याळाविना पुन्हा सोडव आणि दुसरे उत्तर वेगळे लिहून ठेव. त्यानंतरच तालिका पाहा. वेळ लावून आलेले गुण आणि सावकाश सोडवून आलेले गुण यांत मोठा फरक असेल, तर अडचण वेगाची आहे, आणि वेग सरावाने येतो. दोन्ही गुण जवळजवळ सारखेच असतील, तर अडचण समजण्याची आहे, आणि अशा वेळी आणखी प्रश्न सोडवल्याने हाती काही लागत नाही. वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखाली निष्कर्ष, पुरावा आणि फट लिहून झाल्यावर आणखी एक ओळ अवश्य लिही : मी निवडलेला चुकीचा पर्याय मला का आवडला. ही ओळ टाळावीशी वाटते, पण माझ्या मते सगळ्या वहीत तीच सर्वांत मोलाची आहे, कारण महिनाभराने ती पाने चाळलीस की तू पुन्हा पुन्हा त्याच एक-दोन भुलाव्यांना बळी पडतोस हे तुझे तुलाच दिसेल.

प्रश्न मात्र परीक्षा घेणाऱ्या एलसॅकचेच असू देत. त्यांच्या लॉहब या संकेतस्थळावर काही जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात आणि बाकीच्या वर्गणी भरून मिळतात. इतरांनी बनवलेले नकली प्रश्न मी तुला सुचवणार नाही. युक्तिवाद कोणालाही रचता येतो, पण जवळजवळ बरोबर वाटावा आणि तरीही नि:संशय चूक असावा, असा पर्याय रचणे फार अवघड काम आहे, आणि तुझा सराव खरे तर अशा पर्यायांशीच व्हायला हवा.

परीक्षेच्या वेळेबद्दल थोडेच लिहितो. विभागाच्या सुरुवातीचे प्रश्न सहसा सोपे असतात, तिथे वाचवलेली मिनिटे पुढे कामी येतात. एकासारखा दुसरा युक्तिवाद शोधायला लावणारे प्रश्न लांबलचक असतात. ते खूण करून शेवटाकडे ठेवलेस तरी चालेल. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

पुढच्या पत्रासोबत वहीची चार-पाच पाने पाठव. नीट सुटलेले प्रश्न नकोत. तालिका पाहूनही ज्यांचे उत्तर तुला अजून पटलेले नाही, तेवढेच प्रश्न निवडून पाठव आणि प्रत्येकाखाली तुझे म्हणणे पूर्ण वाक्यांत लिही. मी त्यावर सवडीने आणि सविस्तर उत्तर देईन. रविवारी सकाळी फोनवर बोलायचे असेल तर तसे कळव, पण पाने आधी येऊ देत.

वहिनींना सप्रेम नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही