ग्रंथालयाच्या सर्व्हरवर मॉड्यूलच्या दोन-दोन प्रती

महोदय,

राज्यातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर चालतात. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली ही प्रणाली पर्ल या संगणक-भाषेत आहे आणि तिला भरपूर पर्ल मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचे तुकडे, लागतात. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ती ‘ॲप्ट’ या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या साधनामार्फत येतात. पण ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा संदेश दिसला की देखभाल करणारे घाईने ‘सुडो सीपॅन’ ही आज्ञा (रूट म्हणजे पूर्ण अधिकाराने, ॲप्टला वगळून थेट पर्लच्या संग्रहातून मॉड्यूल आणणारी) चालवतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

सीपॅन मागितलेल्या मॉड्यूलसोबत त्याला लागणारी इतर मॉड्यूलही ओढून आणते आणि सगळी /यूएसआर/लोकल खाली ठेवते. ॲप्टची बहुतेक मॉड्यूल /यूएसआर/शेअर/पर्ल५ मध्ये असतात. पर्ल आधी लोकलमध्ये पाहते आणि पहिली प्रत मिळाली की थांबते. म्हणून ॲप्टने सुरक्षा दुरुस्ती आणली तरी चालते ती लोकलमधली जुनी प्रत! कागदोपत्री सर्व्हर अद्ययावत, वाचकांची माहिती मात्र उघडी. मला हे सर्वांत गंभीर वाटते.

गुंता सोडवताना काहीही पुसू नये. आधी ‘पर्लडॉक -एल’ या आज्ञेपुढे मॉड्यूलचे नाव देऊन नेमकी कोणती फाइल उचलली जाते ते पाहावे, त्यासाठी पर्ल-डॉक हे पॅकेज लागते. त्या फाइलचा मार्ग ‘डीपीकेजी’ या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला विचारावा. कोणत्याच पॅकेजचा नसेल तर प्रत बाहेरची. तिचे ॲप्टमधले पॅकेज शोधून बसवावे. डीबीआय या मॉड्यूलचे लिबडीबीआय-पर्ल, अशी नावांची पद्धत आहे. मग /यूएसआर/लोकल/शेअर/पर्ल आणि /यूएसआर/लोकल/लिब खालची पर्लची फोल्डर, दोन्ही एकदमच, दुसरीकडे हलवावीत. सी भाषेतला भाग असलेली मॉड्यूल यांतल्या दुसऱ्या, म्हणजे लिब खालच्या फोल्डरमध्ये असतात. एकच हलवले तर अर्धे जुने, अर्धे नवे उरते. त्यानंतर कोहा-कॉमन आणि मेमकॅश्ड या सेवा पुन्हा सुरू कराव्यात, नाहीतर चालू प्रक्रियेच्या स्मृतीत जुनीच प्रत राहते आणि चाचणी फसवते. कोहाच्या माहिती पानावरील पर्ल मॉड्यूलच्या यादीत आवृत्त्या ताडून पाहाव्यात.

वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतले ‘पर्ल५’ हे फोल्डरही तपासावे, तिथेही मॉड्यूलच्या प्रती असू शकतात. डेबियन १२ मध्ये पर्ल ५.३६ आहे, १३ मध्ये ५.४०. सी भाषेतला भाग असलेले, जुन्या पर्लवर बांधलेले मॉड्यूल नव्या पर्लने उचलले तर दोघांचा मेळ नसल्याचा संदेश येऊन काम थांबते. ते पुन्हा बांधावेच लागते. शिवाय ‘पर्ल५लिब’ची (मॉड्यूल आणखी कुठे शोधायची ते सांगणारी) नोंद बॅशआरसी या टर्मिनलच्या फाइलीत असेल तर ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनला ती दिसत नाही: टर्मिनलवर सगळे ठीक, पण मुदत संपल्याच्या सूचना जात नाहीत.

ॲप्टमध्ये खरोखरच नसलेल्या मॉड्यूलसाठी ‘कार्टन’ या पर्लच्या साधनाने स्वतंत्र फोल्डर करावे आणि आवृत्त्या लिहून ठेवाव्यात. महाविद्यालयांनी देखभालीच्या करारातच अट घालावी की सर्व्हरवर रूट अधिकाराने सीपॅन चालवायचे नाही, आणि ॲप्टबाहेरच्या प्रत्येक मॉड्यूलची यादी ग्रंथपालाकडे लेखी द्यायची.

– एक वाचक, सातारा