कारागिराचे नाव छापले जावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चित्रप्रदर्शन भरले की वृत्तपत्रांत त्याचे परीक्षण येते. चित्रकाराचे नाव, त्याची शैली, आधीच्या कामाशी तुलना, सारे काही असते. विणकाम, मातीकाम किंवा लाकूडकाम मांडलेले असेल, तर बहुतेक वेळा ‘हस्तकला वस्तूंचे प्रदर्शन व विक्री’ एवढीच बातमी छापली जाते आणि वस्तू कोणी घडवल्या हे वाचकाला कळत नाही. कला वेगळी आणि कारागिरी वेगळी ही समजूत त्यामागे आहे. त्याबद्दल काही मांडावेसे वाटते.

या फरकाची काटेकोर मांडणी इंग्रज तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांनी १९३८ मध्ये केली. आपण काय घडवणार आहोत हे कारागिराला कामाला हात घालण्यापूर्वीच ठाऊक असते, तर आपल्याला काय व्यक्त करायचे आहे हे कलावंताला ते व्यक्त करता करताच उमगत जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश आहे. ही कसोटी मला मोलाची वाटते. पण ती लावायची तर सर्वांनाच लावली पाहिजे. फ्लॉरेन्सचा विख्यात चित्रकार डोमेनिको गिर्लांदायो याने १४८५ मध्ये एका वेदीचित्रासाठी (चर्चमधील वेदीवर लावण्याच्या चित्रासाठी) केलेला करार आजही वाचता येतो. चित्र कागदावरील ठरलेल्या आराखड्याप्रमाणे असावे, निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथले सोन्याचे नाणे) किमतीचा वापरावा, काम तीस महिन्यांत पुरे करावे, अशा अटी त्यात आहेत. केवळ करार पाहिला, तर हे कारागिराचेच काम ठरेल. उलट मातीकाम करणाऱ्याचा हात चाकावरच्या मातीचा ओलावा बदलला की आपली चाल बदलतो, झिलईचा रंग कसा उतरेल हे भट्टी उघडेपर्यंत पुरते सांगता येत नाही आणि जे हाती येते त्यातूनच पुढच्या भांड्याचा विचार सुरू होतो. एकच वस्तू कलाकृती आणि कारागिरी दोन्ही असू शकते, हे कॉलिंगवुड यांनाही मान्य होते. त्यांचा आधार घेणारे अनेकजण नेमके हेच विसरतात.

म्हणजे फरक आहे, पण तो एकाच माणसाच्या कामात, कधी एकाच वस्तूत आढळतो. व्यवसायांच्या मध्ये जी भिंत उभी आहे, ती संस्थांनी बांधली. लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेची स्थापना १७६८ मध्ये झाली आणि सुरुवातीच्या वर्षांतच तिने भरतकाम, कागदी कातरकाम, शिंपल्यांचे काम यांना आपल्या प्रदर्शनांतून वगळले. ही कामे बहुतांशी स्त्रिया करत होत्या, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला आणि कारागिरीची शाळा काढताना वॉल्टर ग्रोपियस यांनी कलावंत आणि कारागीर यांत मूलतः भेद नाही असे जाहीर केले खरे, पण तिथेही विद्यार्थिनींना बहुधा विणकाम विभागाकडेच वळवले जाई. काचकामाची ओढ असलेल्या अॅनी आल्बर्स अशाच मागावर येऊन बसल्या. उभ्या-आडव्या धाग्यांच्या बंधनातच त्यांनी इतका स्वतंत्र विचार केला की १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. विणकाम करणाऱ्या कलावंताला तिथे असा मान प्रथमच मिळाला.

सरसकट प्रत्येक कारागिराला कलावंत म्हणावे, असे माझे म्हणणे नाही. शंभरावा पेला पहिल्यासारखाच उतरवण्यात जे प्रभुत्व आहे, त्याला कलेचे बिरूद उसने घेण्याची गरज नाही. ते त्याच्या स्वतःच्या निकषांवर जोखले जावे. त्यासाठी विणीची घट्टता, सांध्याची अचूकता, कडेची जाडी जाणणारा समीक्षक लागेल. आपल्या वृत्तपत्राने अशा जाणकारांकडून या प्रदर्शनांची परीक्षणे लिहून घ्यावीत आणि वस्तूच्या छायाचित्राखाली ती घडवणाऱ्याचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक