घराला रंग आत्ता नको

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, घर विकायचंय म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला रंग लावायचं मनात आहे, ते तेवढं थांबवा. चिऱ्याच्या भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत वाळत नाही. ओलीवर रंग चढवला तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी झाकलंय. मागल्या दारच्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने डकवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला घाम धरला तर ओल अजून आत आहे. फक्त बाहेरून धरला तर ती हवेतली. पांढरे क्षार फुललेत तिथे पाणी मारू नका, ते विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा. भिंत वाळली की चुन्याचा हात पुरे.

आई, दारं-खिडक्या दहा ते चार उघड्या ठेव, दव पडायच्या आत लाव. भर दुपारी माळ्यावर अंधार करून वर बघायला गड्याला सांग. उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल फुटलंय किंवा सरकलंय. वाशांवर वाळवीच्या मातीच्या रेघा असतील तर त्या पुसून टाकू नका, औषध मारून घ्या आणि विचारलं तर सांगा.

पण घर अडतं ते कागदावर. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज आजच द्या, कारण फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस जावे लागतात. दोन्ही आत्या वारस आहेत. त्यांनी खरेदीखतावर सह्या तरी करायच्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी द्यायचं. तोंडी ‘आमचं काही नाही’ चालत नाही. त्यांना हे आपणहून, समक्ष जाऊन सांगा. घरपट्टीचा उतारा मालकी सिद्ध करत नाही.

मोजणीचा अर्जही लगोलग द्या. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पिढ्यान्‌पिढ्या तिथे असला तरी नकाशातली हद्द तीच असेल असं नाही. शिवाय आपली वाट शेजारच्यांच्या आवारातून येते, तिचा हक्क लेखी नसेल तर आधी तो करून घ्या. घराखालची जमीन बिनशेती झालेली नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती शेतकऱ्यालाच विकता येते. मुंबईच्या गिऱ्हाइकाला शेतकरी दाखला आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

आत्ता विहीर भरलेली आहे, पण विचारणार वैशाखातलं पाणी. खरं तेच सांगा. आंब्याच्या कलमांना मोहोर येईल तेव्हाच लोक बघायला येतील, म्हणून यंदाचं फळ कोणाचं ते साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, लिहा. बाग कराराने दिली असेल तर तेही.

पौषात पुष्कळ जण सही करत नाहीत. साठेखत मार्गशीर्षात, खरेदीखत माघात धरा. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, चेकनेच घ्या: घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसतो. कराच्या हिशेबाला 1 एप्रिल 2001 ची किंमत लागेल, ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून ठेवू.

मोजणीची तारीख कळली की लगेच फोन करा, मी रजा टाकतो. हद्दीवर उन्हात तुम्ही एकटे उभे राहू नका.

तुमचा,
बाळू